समर स्क्वॉश: बियाण्याचं पाकीट फोडण्याआधी

पहिल्या वर्षी पाकिटात होत्या तेवढ्या सगळ्या बिया मी टोकल्या. अकरा होत्या, नऊ उगवल्या. उगवलेलं रोप उपटायला जीव होईना, म्हणून नऊच्या नऊ वाढवली. घरात खाणारी माणसं तीन! पुढे पुढे तर पिशवी घेऊन मी कुणाच्या दारात उभी राहिले की समोरून आधीच उत्तर यायचं, "अहो, मागची अजून संपली नाही." बरं, घरात तरी ती आवडीने खाल्ली जात होती म्हणाल, तर तेही नाही. पाणचट लागायची. त्यात झाडाचा काही दोष नव्हता. तो वाण मुळात भरपूर फळं देण्यासाठीच तयार केलेला होता आणि मी तो पाकिटावरचं चकचकीत चित्र बघून उचलला होता.

त्यानंतर हिरवी, पिवळी, गोल, चपटी, मांडवावर चढणारी अशी बरीच लावून झाली. त्यातून वाण निवडायचा एक क्रम माझ्यापुरता बसला आहे, तो इथे सविस्तर देते. लागवडीच्या गोष्टीही येतील, पण वाणाच्या निवडीशी त्यांचा संबंध असेल तेवढ्याच.

आधी थोडी ओळख

समर स्क्वॉश ही काही वेगळी वनस्पती नव्हे. कुकुर्बिटा पेपो या भोपळ्याच्या जातीची फळं साल नखाने सहज चिरेल इतकी कोवळी असताना तोडली आणि सालीबियांसकट खाल्ली, की त्यांना समर स्क्वॉश म्हणतात. त्याच जातीचे काही प्रकार वेलावर पूर्ण जून होऊ देतात, साल टणक झाल्यावर काढतात आणि महिनोन्‌महिने ठेवून खातात. तो विंटर स्क्वॉश. म्हणजे फरक आहे तो कधी तोडायचं याचा, आणि कोवळेपणी चांगली लागावीत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचा.

ही जात मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या एका गुहेत तिच्या लागवडीच्या सुमारे १०,००० वर्षं जुन्या बिया सापडल्या आहेत. झुकिनी, म्हणजे काकडीसारखा लांबट समर स्क्वॉश, मात्र त्या मानाने अगदी कालची. ती इटलीत, मिलानच्या परिसरात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आली.

या एकाच जातीत दोन घराणी आहेत. एका घराण्यात झुकिनी, कोकोझेल आणि मॅरो. दुसऱ्यात वाकड्या मानेचा क्रुकनेक, सरळ मानेचा स्ट्रेटनेक आणि चकतीसारखा पॅटीपॅन. पहिल्या घराण्याचा गर बहुधा मऊ, सौम्य. दुसऱ्याचा घट्ट, दाताखाली लागणारा. "स्क्वॉश पाणचट असतो" म्हणून ज्यांनी नाव टाकलं आहे, त्यांनी बहुतेक वेळा पहिल्याच घराण्यातली, आणि तीही जून झालेली झुकिनी खाल्लेली असते.

पायरी १: तोंडं मोजा, मग बागेत जायचे दिवस मोजा

तीन-चार माणसांच्या घराला झुडपी स्क्वॉशची दोन झाडं पुरतात. पुरतात म्हणजे पुरून उरतात. तिसरं लावायचा मोह झाला तर ते वेगळ्या प्रकारचं लावा. एकच झाड मात्र शक्यतो नको. नर आणि मादी फुलं एकाच झाडावर येत असली, तरी ती एकाच सकाळी उमलतील याची खात्री नसते. दोन झाडं असली की हे गणित बरंच जुळतं.

माणसांपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न दुसरा आहे: तुम्ही बागेत किती दिवसांनी जाता? बी टोकल्यापासून ४५ ते ६० दिवसांत पहिली तोडणी येते आणि तिथून पुढे झाड थांबत नाही. मादी फूल उमलल्यावर साधारण ४ ते ७ दिवसांत फळ तोडणीला येतं. ऊन चांगलं असेल तर संध्याकाळी बोटाएवढं दिसलेलं फळ परवा सकाळी हातभर नाही, पण वीतभर नक्की झालेलं असतं. शिवाय एक जरी फळ झाडावर जून झालं, की झाड सगळी ताकद बिया भरण्याकडे वळवतं आणि नवी फळं धरणं मंदावतं. म्हणून नियमित तोडणी झाली तरच पीक चालू राहतं.

दिवसाआड बागेत जाणं जमत असेल तर कुठलाही वाण चालेल. आठवड्यातून एकदाच जात असाल तर गडद हिरव्या संकरित (दोन वाणांच्या संकरातून तयार केलेल्या) झुकिनीच्या वाटेला जाऊ नका. दर खेपेला बॅटच्या आकाराची फळं हाती लागतील. अशांसाठी कोस्टाटा रोमानेस्को बरा. हा शिरा असलेला जुना इटालियन वाण आहे. थोडा मोठा झाला तरी त्याची चव टिकते. किंवा मग त्रोम्बोंचिनो. तो ३०-४० सेंटीमीटरचा झाला तरी मान घट्ट आणि बिनबियांची राहते, आणि एखादं फळ नजरेतून सुटलंच तर ते वेलावर पिकू देऊन विंटर स्क्वॉशसारखं वापरता येतं.

रंगाचाही इथे संबंध आहे, आणि हे मला फार उशिरा कळलं. हिरवी झुकिनी पानांच्या देठांमध्ये अशी काही दडते की तुम्ही तिच्यावर हात ठेवून पलीकडचं फळ तोडाल. पिवळं फळ दोन पावलांवरून दिसतं. घाईत तोडणी करणाऱ्यांनी, किंवा ज्यांच्या घरी तोडणीचं काम मुलांकडे असतं त्यांनी, निदान एक झाड पिवळ्या वाणाचं ठेवावं. गोल्ड रश ही पिवळी संकरित झुकिनी यासाठी चांगली. नवे वाण पारखून निवडणाऱ्या ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या अमेरिकी संस्थेने १९८० मध्ये निवडलेला हा वाण आजही मिळतो.

पायरी २: जागा मोजा, पण झाड मोठं झाल्यावरची

'झुडपी' या शब्दाने फसगत होते. चार पानांचं रोप बघून दोन रोपांत एक वीत अंतर पुरेल असं वाटतं. पुढच्या पाच-सहा आठवड्यांत त्याच रोपाचा घेर मीटरभर होतो. झुडपी वाणांना दोन झाडांत ७५ ते ९० सेंटीमीटर अंतर द्या, आणि वाफ्याच्या एका बाजूने पाय ठेवायला जागा ठेवा. दाटी झाली तर मधमाशीला फूल सापडत नाही, तुम्हाला फळ सापडत नाही, आणि भुरीला, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीला, मात्र बरोबर घर सापडतं.

जुने सरळ वाण, म्हणजे ज्यांचं बी धरून पेरलं तर तसंच झाड येतं ते, बहुधा जास्त ऐसपैस असतात. कोस्टाटा रोमानेस्को म्हणायला झुडपी, पण हंगामाच्या मध्यावर त्याचं खोड आडवं पडून वाफ्याबाहेर चालू लागतं. जागा मोजकी असेल तर नवे संकरित वाण सोयीचे. त्यातही पाकिटावर 'ओपन हॅबिट' असं लिहिलेलं असेल तर ते मनावर घ्या. याचा अर्थ देठ उभे आणि विरळ, मधलं खोड उघडं. अशा झाडाची तोडणी निम्म्या वेळात होते. काही वाणांना काटेही कमी असतात. नुसत्या हातांनी दोन-चार वेळा तोडणी केलीत की मनगटावर ओरखडे उठतात आणि कमी काट्यांची किंमत कळते. डुन्या हा संकरित वाण या दोन्ही बाबतींत मला आवडला.

कुंडीतच लावायचं असेल तर कुंडी निदान ३० ते ४० लिटरची हवी, आणि वाण मुद्दाम कुंडीसाठी तयार केलेला, जसा अस्टिया किंवा पॅटिओ स्टार. साधी झुकिनी लहान कुंडीत जगते, पण दुपारी रोज माना टाकते, आणि पाण्याची ही ओढाताण फळांवर दिसते.

जमीन थोडी आहे पण उंचीला वाव आहे? मग त्रोम्बोंचिनोचा विचार करा. हा कुकुर्बिटा मोशाटा या वेगळ्या जातीचा खरा वेल आहे, चार-पाच मीटर सहज जातो. मांडव किंवा भक्कम जाळी लागेल. बांबूच्या चार काटक्या लावून भागवायला जाल तर भर हंगामात सगळं कोसळेल. हे स्वानुभवाने सांगते. फळं मात्र मांडवावरून लोंबती राहिली तर सरळ वाढतात आणि दुरूनही दिसतात. पहिलं फळ झुकिनीपेक्षा दोन-तीन आठवडे उशिरा येतं, तेवढा धीर हवा.

ऊन रोज निदान सहा तास पाहिजेच. त्याला पर्याय म्हणून कुठलाही वाण नाही.

पायरी ३: गेल्या खेपेला काय बिघडलं होतं?

वाण निवडताना सर्वांत उपयोगी पडतं ते मागच्या हंगामातलं अपयश. "नीट आलं नाही" एवढ्यावर सोडू नका. नेमकं काय झालं ते आठवा.

*फळं बोटाएवढी होऊन टोकाकडून पिवळी पडत, सडत गेली.* बहुतेक वेळा हे परागीभवन न झाल्याचं लक्षण असतं. मादी फुलाच्या मागे पहिल्या दिवसापासून इवलंसं फळ असतं. नर फूल नुसत्या लांब देठावर. फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. त्या चार-सहा तासांत पाऊस लागला, गारठा असला किंवा मधमाश्या फिरकल्याच नाहीत, तर ते फळ गेलं. हंगामाच्या सुरुवातीला आठवडाभर नुसती नर फुलं येतात, तेव्हा घाबरायचं कारण नाही. फार कडक ऊन आणि मोठे दिवस असले तरीही नर फुलांचं प्रमाण वाढतं.

अशा वेळी परागीभवनाशिवाय फळ धरणारे वाण मिळतात. पार्टेनॉन गडद हिरवा, कॅव्हिली फिकट हिरवा. बाग उंचावरच्या गच्चीत असेल, किडींपासून वाचवायला जाळीखाली पीक घेत असाल, किंवा फुलोऱ्याच्या काळात हवा सतत ढगाळ असेल, तर हे वाण सोन्यासारखे आहेत. पण ते महाग असतात आणि पाकिटात बिया मोजक्या असतात, म्हणून घेण्याआधी खात्री करून घ्या. खात्रीची रीत सोपी आहे. सध्याच्या झाडावर एकाच सकाळी उमललेली चार मादी फुलं हेरा. एक नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या फाडून टाका आणि आतला पिवळा पुंकेसर दोन मादी फुलांच्या मध्यभागी नीट फिरवा. पराग चिकटलेला डोळ्यांना दिसला पाहिजे. त्या दोन फळांच्या देठांना दोरा बांधा. उरलेल्या दोघांना हात लावू नका. पाच दिवसांनी दोऱ्याची फळं फुगली आणि बिनदोऱ्याची सडली, तर मधमाश्यांची उणीव आहे, वाण बदला. चारही सडली तर प्रश्न पाण्याचा, उष्णतेचा किंवा झाडावर आधीच लटकलेल्या फळांचा आहे. तिथे वाण बदलून काही होणार नाही.

*पानांवर पांढरी पूड पसरली आणि झाड मध्येच संपलं.* ही भुरी. इतर बुरशींना लागतात तशी तिला ओली पानं लागत नाहीत, कोरड्या हवेतही ती पसरते. खालच्या जुन्या पानांपासून सुरुवात होते. ज्यांच्याकडे दर वर्षी येते त्यांनी पाकिटावर 'पीएम' (पावडरी मिल्ड्यू, म्हणजे भुरी) ही अक्षरं शोधावीत. भुरीला प्रतिकार करणाऱ्या वाणांची ही खूण. डुन्यात हा गुण आहे. सरळ वाणच हवा असेल तर सक्सेस पीएम हा पिवळा स्ट्रेटनेक आहे. प्रतिकार म्हणजे अभेद्य कवच मात्र नव्हे. भुरी उशिरा येते, सावकाश पसरते, आणि तेवढ्यात तुमच्या पदरात काही आठवड्यांची जास्तीची तोडणी पडते.

इथे एक फसवी गोष्ट आहे. बऱ्याच झुकिनींच्या पानांवर शिरांच्या बेचक्यांत चंदेरी ठिपके जन्मतःच असतात. मी एका वर्षी ती भुरी समजून निम्मी पानं कापून टाकली होती. निरोगी पानं! ओळखायचं कसं? अंगठ्याने पुसून बघा. भुरी बोटाला लागते, वाणाचा रंग लागत नाही. तिसरी शक्यता म्हणजे नवी पानं एकसारखी चंदेरी होत जाणं आणि पानांखाली पांढरी माशी सापडणं. ते तिच्या पिल्लांनी रस शोषल्यामुळे होतं. तो पुन्हा वेगळा विषय.

*पानं चिंबली, गडद-फिकट चट्टे पडले, फळांवर गाठी आल्या.* मोझॅक विषाणू. मावा ही रस शोषणारी कीड एका झाडावरून दुसऱ्यावर तो नेते, आणि सोंड टोचल्यावर काही सेकंदांत काम झालेलं असतं. त्यामुळे मावा मारायची फवारणी इथे फारशी कामाची नाही. मावा मरतो, पण लागण देऊन मरतो. खरा आधार वाणाचाच. पाकिटावर सीएमव्ही, झेडवायएमव्ही, डब्ल्यूएमव्ही, पीआरएसव्ही अशी अक्षरं असतात, प्रत्येक अक्षरगट म्हणजे एकेक विषाणू. काकडीच्या मोझॅकला, म्हणजे सीएमव्हीला, डिफेंडर ही झुकिनी टिकते. डुन्या उरलेल्या तिन्हींना बऱ्यापैकी तोंड देते. आपल्याकडे नेमका कोणता विषाणू येतो हे ठाऊक नसेल तर जास्तीत जास्त अक्षरं असलेला वाण घ्यावा.

पिवळ्या वाणांत आणखी एक गंमत आहे. काहींमध्ये फळ फुलाआधीपासूनच पिवळं करणारं जनुक असतं. अशा झाडाला विषाणू लागला तरी फळावर हिरवे चट्टे उठत नाहीत. झाड आजारी असतं, पण फळ देखणं दिसतं. घरच्या बागेला तेवढ्याने भागतं, मात्र त्याला रोगप्रतिकार समजू नये.

फळमाशी किंवा खोड पोखरणारी अळी असेल तर वाणांच्या यादीत फार शोधत बसू नका. खोडात शिरणाऱ्या अळीपुढे त्रोम्बोंचिनोचं भरीव खोड झुकिनीच्या पोकळ खोडापेक्षा बरंच टिकतं, एवढा एक अपवाद. फळमाशीसाठी फूल मिटल्यावर फळाला पातळ कापडाची पिशवी बांधणं आणि लवकर तोडणं, हाच मार्ग.

पायरी ४: आता चव

इथवर आलात की यादी बरीच आटलेली असते. उरलेल्यांतून जिभेने निवडा.

गडद हिरवी झुकिनी, उदाहरणार्थ ब्लॅक ब्यूटी, ही सौम्य. मसाला, तेल, आंबट, जे घालाल ते शोषून घेते. स्वतःचं फारसं काही बोलत नाही. १५ ते १८ सेंटीमीटरची असताना तोडली तर छान, २५ च्या पुढे गेली की मधला भाग कापसासारखा होतो. कोस्टाटा रोमानेस्को तिच्याहून किती वेगळी, हे दोन्हींच्या चकत्या मिठाशिवाय शेजारी शेजारी परतून बघितल्याशिवाय पटणार नाही. तिला थोडी बदामासारखी गोडसर चव आहे आणि गर सुटत नाही. उत्पादन मात्र संकरित झुकिनीपेक्षा बरंच कमी. मला विचाराल तर ही उणीव नाहीच. नऊ झाडांच्या त्या वर्षानंतर मला कमी फळं देणारी झाडं प्रिय आहेत. फुलं खायची आवड असेल तरीही हाच वाण, कारण त्याची नर फुलं मोठी आणि भरपूर असतात.

फिकट हिरवी, आखूड, देठाकडे निमुळती होणारी जी फळं कूसा नावाने ओळखली जातात, त्यातला मॅग्डा हा वाण जरूर लावून बघावा. साल पातळ, गर दाट, चव गोडसर. पोखरून सारण भरायला हा आकार लांब झुकिनीपेक्षा कितीतरी सोपा. त्याच कामासाठी गोल वाणही आहेत. रोंद द नीस हा जुना फ्रेंच वाण इतक्या नाजूक सालीचा की नख लागलं तरी ओरखडा उमटतो. म्हणूनच तो विक्रीला फारसा दिसत नाही आणि म्हणूनच घरी लावावा. एट बॉल हा गडद हिरवा, जरा दणकट संकरित वाण.

पिवळा क्रुकनेक हा माझा लाडका. मान वाकडी, अंगावर बारीक पुटकुळ्या, दिसायला बदकाच्या पिल्लासारखा. गर घट्ट, परतल्यावर लोण्यासारखा. पण हा थांबत नाही: १२-१५ सेंटीमीटरच्या पुढे गेला की साल लाकडासारखी होऊ लागते. स्ट्रेटनेक त्याचाच चिरायला सोपा भाऊ. अर्ली प्रॉलिफिक हा त्यातला जुना वाण १९३८ मध्ये ऑल-अमेरिका सिलेक्शन्सच्या यादीत आला, आणि अजून टिकून आहे. झेफिर हा अर्धा पिवळा, टोकाला फिकट हिरवा. रंग बघून घेतला आणि चवीसाठी ठेवला.

पॅटीपॅन म्हणजे कडेला नक्षी असलेली चपटी चकती. ५ ते ८ सेंटीमीटर व्यासाची असताना तोडायची; तळव्यात मावली पाहिजे. शिजवली तरी ती आकार सोडत नाही. पिवळा सनबर्स्ट हा १९८५ चा पुरस्कारप्राप्त संकरित वाण फळाला चांगला. पांढरा व्हाइट बुश चवीला सौम्य आणि बियाणं धरून ठेवता येण्याजोगा.

पायरी ५: संकरित की सरळ, आणि कडूपणाची गोष्ट

दर वर्षी बी विकत घ्यायचं असेल तर संकरित वाण घ्यायला काहीच हरकत नाही. रोगप्रतिकार, आटोपशीर झाड, परागाशिवाय फळधारणा हे गुण जास्त करून त्यांच्यातच मिळतात. पण संकरित फळाचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर आईसारखं झाड येईलच असं नाही. स्वतःचं बियाणं धरायचं असेल तर सरळ वाण घ्या: ब्लॅक ब्यूटी, कोस्टाटा रोमानेस्को, क्रुकनेक, व्हाइट बुश.

इथेही एक अडचण आहे. झुकिनी, क्रुकनेक, पॅटीपॅन, एकॉर्न स्क्वॉश आणि शोभेचे छोटे रंगीत भोपळे हे बरेचसे एकाच जातीचे, त्यामुळे मधमाशी त्यांचा सर्रास संकर करते. त्याचा परिणाम यंदाच्या फळावर होत नाही, आतल्या बियांवर होतो. बी शुद्ध राहावं यासाठी दुसरा पेपो वाण किमान ८०० मीटर दूर हवा, जे घरच्या बागेत शक्य नाही. म्हणून उद्या उमलणारी एक मादी आणि दोन नर कळ्या आदल्या संध्याकाळी टोकाशी चिकटपट्टीने बंद करायच्या, सकाळी उघडून हाताने पराग लावायचा, मादी फूल पुन्हा बंद करायचं आणि देठाला खूण बांधायची. ते फळ तोडायचं नाही, साल टणक होईपर्यंत ठेवायचं. त्रोम्बोंचिनो वेगळ्या जातीचा असल्याने झुकिनीशेजारी असला तरी त्याचं बी सहसा बिघडत नाही.

आता गंभीर मुद्दा. शोभेच्या किंवा रानटी भोपळ्याशी संकर झालेल्या बियांतून येणाऱ्या फळांत कुकुर्बिटॅसिन नावाची कडू द्रव्यं भरपूर असू शकतात. ती विषारी आहेत आणि शिजवून नष्ट होत नाहीत. २०१५ मध्ये जर्मनीत घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन एका वृद्ध माणसाचा मृत्यू झाला होता. कंपोस्टमधून आपोआप उगवलेल्या झाडाचं किंवा घरच्या बियाण्याचं पहिलं फळ असेल तर कच्चा कण जिभेच्या टोकावर ठेवून बघा. कडू लागला तर थुंका, फळ टाका आणि झाड उपटा. "साल काढली की कडूपणा जातो" हा समज इथे चालत नाही.

पायरी ६: पाकिटाची मागची बाजू

पुढच्या बाजूला चित्र असतं, कामाचं सगळं मागे असतं. दिवसांचा आकडा बी थेट जमिनीत टोकल्यापासूनचा असतो असं धरून चाला, आणि गार हवेत त्यात आठ-दहा दिवस मिळवा. बियाण्याचं वर्ष बघा. कोरड्या, गार जागी ठेवलेलं बी चार-पाच वर्षं चांगलं उगवतं, त्यामुळे अकरा बियांचं पाकीट एकाच हंगामात संपवायची सक्ती कुणी केलेली नाही. झाडाचा घेर, फळ किती लांबीचं तोडायचं, आणि रोगांची ती अक्षरं, एवढं वाचलं की पुरे. 'भरघोस', 'अप्रतिम' वगैरे शब्द सगळ्याच पाकिटांवर असतात.

पायरी ७: दोन वाण शेजारी शेजारी

शेवटची निवड कागदावर होत नाही. दोन जागा असतील तर दोन घराण्यांतला एकेक वाण लावा: एक झुकिनी किंवा कूसा, एक क्रुकनेक किंवा पॅटीपॅन. माती १६ ते १८ अंशांपर्यंत तापल्याशिवाय टोकू नका. गार, ओल्या मातीत बी कुजतं. २-३ सेंटीमीटर खोल, एका आळ्यात दोन बिया. दोन्ही उगवल्या तर अशक्त रोप उपटू नका, कात्रीने जमिनीलगत कापा, म्हणजे शेजारच्याची मुळं दुखावत नाहीत. मला एकेकाळी हे जमत नव्हतं, आता जमतं.

वहीत चारच नोंदी ठेवा. पहिलं मादी फूल कधी उमललं. पहिली तोडणी कधी झाली. भुरी कधी दिसली. आणि ताटात काय उरलं. चौथी नोंद सगळ्यांत बोलकी. आमच्याकडे एका वर्षी सनबर्स्टची बावीस फळं आली आणि एकही परत आलं नाही. त्याच वर्षीच्या झुकिनीची तीन आळीपाळीने फ्रिजच्या तळाशी मऊ झाली.

पहिली झाडं फळावर आली की पाच-सहा आठवड्यांनी, तेवढा हंगाम शिल्लक असेल तर, तिसऱ्या जागी एक बी टोकून ठेवा. जुन्या झाडांना भुरी लागून ती थकतील तोवर हे उभं राहिलेलं असतं. ही जागा मी नव्या वाणाला देते, कारण फसला तरी घरचं अडत नाही. यंदा तिथे मॅग्डा आहे. कालच पाहिलं, पहिली तीन फुलं नर निघाली.